आईला दिलेला दमा

मी चौथीत असताना आमच्या आईला दमा झाला. तो तिला मीच दिला होता, निबंधाच्या वहीत, दौतीत बुडवलेल्या टाकाने; आणि आपल्याला दमा झाला आहे हे तिला स्वतःला दोन-अडीच महिने ठाऊक नव्हतं. घरात हा विषय निघाला की माझी मुलं हसतात आणि नातवंडं "पुन्हा सांग ना" म्हणून मागे लागतात, तेव्हा एकदाचं लिहूनच ठेवते. सांगताना मी शेवटचा भाग नेहमी गाळते. इथे गाळणार नाही.

आम्ही मुलुंडला राहायचो, स्टेशनपासून डोंगराच्या बाजूला, दहा खोल्यांच्या एका बैठ्या चाळीत. चाळीच्या मागे भातखाचरं होती आणि खाचरांपलीकडे डोंगर. घरात वडील, आई, मी आणि दोन धाकटे भाऊ. वडील कारखान्यात फिटर होते. सकाळी सातला कारखान्याचा भोंगा व्हायचा, पण त्या भोंग्याने चाळीत कुणालाही जाग येत नसे, कारण त्याच्या कितीतरी आधी आमच्या आईचा पाटा सुरू झालेला असे. ती वाटणाचं खोबरं वाटायला बसली की वरवंटा, बांगड्या आणि शेजारच्या मांडणीतली भांडी असं सगळं एकदम वाजायचं. आई मालवणकडची. तिने दारात उभं राहून "शाले" अशी हाक मारली की ती शेजारच्या नाहूर गावापर्यंत जाते, असं वडील म्हणत. दोन कळशा डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती विहिरीवरून यायची आणि वाटेत कोळीण भेटली तर त्या कळशांसकट उभी राहून मांदेलीच्या वाट्यावरून भांडायची. तिला कधी साधं पडसं झालेलं मला आठवत नाही. आजारपण ही तिच्या मते घाटावरच्या लोकांची हौस होती.

चौथीला आम्हाला सबनीस गुरुजी होते. किडकिडीत अंगाचे, खादीचा सदरा, बोलताना डोळे मिटायची सवय. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना 'मुलांनी करून शिकलं पाहिजे' हे वाक्य घेऊन आले होते. तोवर आम्ही पाठ करून शिकत होतो आणि त्याचा कुणाला काही त्रास नव्हता. गुरुजी आले आणि वर्गात धांदल उडाली. आम्ही टकळीवर सूत कातू लागलो. वर्षभराच्या सगळ्यांच्या सुताचा मिळून एक रुमाल झाला, तो गुरुजींनी कधी वापरला नाही, कपाटात जपून ठेवला. शाळेच्या अंगणात आम्ही चिखलाचा सह्याद्री केला. चाळीचं पांढरं कुत्रं येऊन बरोबर घाटात झोपायचं, तर गुरुजी त्याला हाकलत नसत. घाटात वाट अडली की काय होतं ते मुलांना कळतं, असं म्हणत. पटांगण पावलांनी मोजलं तेव्हा बत्तीस मुलांची बत्तीस उत्तरं आली आणि गुरुजींनी ती सगळी बरोबर दिली. मुळ्याचा वाफा केला होता, त्यातले मुळे वाढतात की नाही हे पाहायला आम्ही ते रोज उपटून पाहायचो आणि परत लावायचो. ते वाढले नाहीत. माझ्या नातीच्या शाळेत हल्ली याला ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि त्याचं साहित्य तिचा बाप दुकानातून घेऊन येतो. कुत्रं मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी निबंध घातला, 'माझी दिनचर्या'. पुस्तकातला उतरवायचा नाही, स्वतःच्या अनुभवातला हवा, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी घरी येऊन वही उघडली आणि अनुभव आठवायला बसले. पाटा कितीही वाजला तरी मी सातनंतर उठायचे. आई तीन हाका मारायची, चौथ्यांदा पांघरूण ओढायची. मग संडासाच्या रांगेत लीलाशी भांडण, चहात बुडवून पाव, आणि वेणी घालताना आईचे दोन धपाटे. हे काही निबंधात लिहिण्यासारखं वाटेना. निबंधातली मुलं पहाटे उठतात, हे मला पहिलीपासून माहीत होतं. म्हणून मी लिहिलं, 'मी पहाटे पाच वाजता उठते. शेगडी पेटवून सर्वांसाठी भात, आमटी व भाजी करते.' इथवर छान झालं. मग माझ्या मनात आलं की मी स्वयंपाक करते तेव्हा आई काय करते? तिला नुसती बसवून ठेवणं बरं दिसेना. बराच वेळ टाक चावून मी लिहिलं, 'कारण माझ्या आईला दमा आहे. ती अंथरुणावरून मला आशीर्वाद देते.' दमाच का, तर आमच्या चाळीतल्या एका आजोबांना तो होता आणि त्याची सगळी लक्षणं मला पाठ होती. आई त्या वेळी माझ्यापासून चार हातांवर बसून खोवणीवर नारळ खोवत होती आणि भावांना ओरडत होती.

गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. आशीर्वादापाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या शेजारी लीला बसली होती. लीला आमच्याच चाळीतली, भिंतीला भिंत लागून. आदल्या दिवशीच आमच्या आईने तिला आमच्या आवळ्याच्या बरणीत हात घालताना पकडून अंगणभर पळवली होती. तिने माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहिलं. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "काय गं, तुझ्या आईला दमा?"

"कुणाला सांगू नको ना, लीले."

"नाही सांगणार. पण तुझी बोरं रोज मला द्यायची. आणि चिंच पण."

बोरांचा हंगाम संपेपर्यंत मी एक बोर खाल्लं नाही. पण बोरांपेक्षा गुरुजींचा त्रास मोठा होता, कारण ते माझ्याशी फार चांगले वागू लागले. मला उशीर झाला तर ते काही बोलत नसत, नुसते मान हलवत. दर शनिवारी शाळा सुटताना विचारत, "शालिनी, आईचा दमा कसा आहे?" पहिल्यांदा मी घाबरून "बरा आहे" म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाचा उपयोग आहे. गणितं झाली नसली की त्या रात्री आईला धाप लागलेली असे. टकळी हरवली तेव्हा तिला दोन दिवस बोलता येत नव्हतं. एकदा भूगोलाची वही चाळीच्या गटारात पडली, तर मी इतकी पुढे गेले की गुरुजींनी वर्गाला डोळे मिटून प्रार्थना करायला लावली. लीला प्रार्थनेत हसली आणि तिला अंगठे धरायची शिक्षा झाली. हे मी आज मजेत लिहिते आहे, पण त्या वेळी मला शनिवार नको वाटायचा. गुरुजींना कळलं तर ते मारणार नाहीत हे मला माहीत होतं. ते नुसते डोळे मिटतील आणि पुन्हा माझ्याकडे तसं पाहणार नाहीत, ही खरी भीती होती. वर्गात माझ्याकडे कुणीतरी तसं पहिल्यांदाच पाहत होतं.

संक्रांत झाली आणि गुरुजींनी शिबिर काढलं. डोंगराच्या पायथ्याशी एक आमराई होती, तिच्यात विहीर आणि राखणदाराची झोपडी. तिथे तीन दिवस तंबूत राहायचं, असा त्यांचा बेत होता. पालकांनी त्याला साफ नकार दिला, कारण डोंगरातून बिबळ्या उतरतो. शेवटी असं ठरलं की सकाळी शिबिराला जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. म्हणजे आमचं शिबिर झोपायला घरी येत होतं. तंबू मात्र गुरुजींनी ठोकलाच, आणि त्यात दिवसा आम्ही चपला ठेवायचो. पहिल्या दिवशी आम्ही झाडं ओळखली, दुसऱ्या दिवशी दिशा ओळखल्या आणि तीन मुलं हरवली, ती राखणदाराने करवंदीच्या जाळीतून शोधून आणली. तिसऱ्या दिवशी वर्गाने स्वतः सगळा स्वयंपाक करायचा होता आणि पालकांना जेवायला बोलवायचं होतं. पाकप्रमुख कोण, हे गुरुजींनी आधीच ठरवलं होतं. "आपल्यात एक मुलगी अशी आहे," ते डोळे मिटून म्हणाले, "जिला हे रोजचंच आहे."

पालकांना द्यायच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा माझी चिठ्ठी देताना गुरुजी हळूच म्हणाले, "आईंना म्हणावं, त्रास करून घेऊ नका." मी ती चिठ्ठी वाटेतल्या खाचरात पुरली. राहिला स्वयंपाक. त्या संध्याकाळी मी आईपाशी जाऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, भात कसा करतात?"

"भात?" आई म्हणाली. "अंदाजान."

"म्हणजे पाणी किती?"

"बोटाची दोन पेरां वर."

"आणि आमटी?"

"तीव अंदाजान. तुका कित्याक व्हया? अभ्यास कर जा."

एवढ्या शिदोरीवर मी तिसऱ्या दिवशी आमराईत पोहोचले. प्रत्येकाने घरून दोन ओंजळी तांदूळ आणि एक ओंजळ डाळ आणायची होती. बत्तीस पुरचुंड्या एका घोंगडीवर मांडल्या गेल्या. कुणाचा आंबेमोहोर, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा, आणि आम्हा कोकणातल्या सात-आठ पोरांचा लालसर, टपोरा, उकडा. डाळींचंही तसंच. मी पुरचुंड्या नुसत्या बघत उभी होते. गुरुजींनी मात्र ते पाहिलं आणि त्यांना भरून आलं. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं, एकेकाच्या हाताने तांदूळ एका मोठ्या टोपात ओतायला लावले आणि म्हणाले, "मुलांनो, बत्तीस घरांचे तांदूळ, एक टोप. यालाच समाज म्हणतात." आम्ही टाळ्या वाजवल्या. आज मला माहीत आहे की उकड्याला शिजायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्यात आंबेमोहोराची खळ होते. त्या दिवशी त्या आमराईत हे कुणालाच माहीत नव्हतं. समाजाचा विचार करणाऱ्याला तर नव्हतंच.

तीन-तीन दगडांच्या तीन चुली होत्या, एक भाताची, एक डाळीची, एक रिकामी. मुलांनी लाकडं गोळा केली होती ती बहुतेक ओली होती, त्यामुळे आधी नुसता धूर झाला आणि बत्तीस मुलं आणि एक गुरुजी रडत चुलीभोवती फिरू लागले. "धूर हाही अनुभवच आहे," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. पाणी घालताना मी दोन पेरं मोजायला टोपात हात घातला, तर तांदळाला बोट टेकेपर्यंत माझा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि फ्रॉकची बाही भिजली. लीला माझी मदतनीस होती. ती म्हणाली, "ओत अजून एक बादली. रोज करतेस ना?" मी ओतली. अर्ध्या तासाने पळीत घेऊन पाहिलं तर भात कच्चा होता. आणखी अर्ध्या तासाने त्याच पळीत काही शितं लुकणासारखी चिकट झाली होती आणि काही दाताखाली खडे लागावेत तशी वाजत होती. खालून करपल्याचा वास यायला लागला. पालक यायला लागले होते. लीलाचे आईवडील, कचेरीत जाणारे एक जोशी, आणखी चार-पाच जण. आणि तेवढ्यात मागून हाक आली, "शाले!"

आई येत होती. डोक्यावर सोलकढीचा हंडा, कमरेवर लोणच्याची बरणी, पदर खोचलेला, आणि पायवाटेच्या चढावर ती इतक्या झपाट्याने चालत होती की तिच्या मागून येणारे माझे दोन भाऊ धापा टाकत होते. लीलाच्या आईकडून तिला जेवणाचं कळलं होतं आणि आपल्याला बोलावणं का आलं नाही, हे विचारायला ती आली होती. रिकाम्या हाताने भांडायला जायची आमच्याकडे पद्धत नाही.

गुरुजी धावतच पुढे गेले. "अहो, अहो, तुम्ही कशाला आलात? आणि हे ओझं! अशा दम्यात डोंगर चढलात?"

"कोणाक दमो?" आई म्हणाली.

मी चुलीपाशी उभी होते, तोंडाला राख, हातात पळी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता ते मला माहीत नाही. मग तिने हंडा गुरुजींच्या हातात दिला, छातीवर हात ठेवला आणि खोकली. खोकण्याची तिला सवय नव्हती. तो पहिला खोकला शिंकेसारखा निघाला, म्हणून तिने आणखी एक काढला, तो बरा जमला. "माका... माकाच," ती म्हणाली. "मधीमधी येता."

गुरुजींनी राखणदाराची बाज आणवली, तिच्यावर घोंगडी घातली आणि आईला तिथे निजवलं. दोन मुली झावळीने वारा घालायला उभ्या राहिल्या. मी आयुष्यात आईला दिवसा आडवी झालेली प्रथमच पाहत होते आणि तिलाही ते नवीनच होतं. तिची मान सारखी चुलीकडे वळत होती. करपल्याचा वास आला की तिचे पाय हलायचे. शेवटी तिने खोकून मला जवळ बोलावलं आणि बाजेवरूनच दातओठ खात विचारलं, "तांदूळ खयचे गो?"

"सगळ्यांच्या घरचे."

"उकडे नि सुरय एकाच टोपात? कोणी घातल्यान?" सुरय म्हणजे न उकडलेले, साधे तांदूळ.

"गुरुजी म्हणाले, समाज."

आईने डोळे मिटले. "समाज असो शिजना नाय. पेज कर त्येची. दुसरो टोप घे, अर्धा त्येच्यात काढ, कढत पाणी घाल, मीठ घाल नि घाटीत, ढवळीत रव. आधी टोप खाली उतर."

मी आणि लीलाने दोन्ही बाजूंनी फडकी धरली आणि टोप उचलला. म्हणजे उचलायला गेलो. लीलाची बाजू वर आली, माझी आली नाही, टोप दगडावरून कलंडला आणि उकळतं पाणी माझ्या पायांच्या दिशेने काठापर्यंत आलं. पुढचं मी नीट पाहिलं नाही. एवढंच दिसलं की वारा घालणाऱ्या दोन मुली झावळ्यांसकट बाजूला पडल्या आणि बाजेवर कुणी नव्हतं. आईने मला ढोपराने मागे ढकललं, पदर हाताला गुंडाळून टोपाचे दोन्ही काठ धरले आणि तो बत्तीस घरांचा समाज एकटीने उचलून जमिनीवर ठेवला. मग ती थांबलीच नाही. "मास्तरांनू, बाजूक व्हा! ती ओली लाकडां काढा! पाणी हाडा कोणीतरी! तू काय बघतस गो, ढवळ!" तिचा आवाज नाहूरपर्यंत गेला असणार. जोशी विहिरीवर धावले. गुरुजींनी लाकडं ओढली. दहा मिनिटांत दोन टोप रटरटू लागले, आणि बत्तीस प्रकारच्या डाळीच्या आमटीला तिने कोकम आणि मिरच्या ठेचून घातल्या. मग तिने कपाळावरचा घाम पुसला, आजूबाजूला पाहिलं, आणि आपण कोण आहोत ते तिला आठवलं. ती सावकाश बाजेवर जाऊन बसली आणि खोकली. या वेळी धुरामुळे तो अगदी खरा निघाला.

गुरुजींनी तिला पाण्याचा तांब्या दिला. "दम्याला जरा उतार दिसतो," ते म्हणाले.

"येता नि जाता," आई म्हणाली.

जेवायला पत्रावळी मांडल्या होत्या, त्यांच्यावरून पेज वाहून गेली. मग शिबिराच्या यादीत प्रत्येकाला पेला आणायला सांगितलं होतं, त्या पेल्यांतून पोरं पेज प्यायली, लोणचं चाटत आणि आमटी वरून ओतून घेत. पोरांनी दोनदोनदा घेतली. जोशींनी पेल्यात पाहून विचारलं, "हे काय, पेज? आम्ही आजारपणात घेतो हो."

"मगे घ्या," आई बाजेवरून म्हणाली. "मी आजारीच आसंय."

शिबिर संपताना गुरुजींनी सगळ्यांना ओळीत बसवलं. मी खाली मान घालून बसले होते. ते डोळे मिटून म्हणाले, "सोमवारी निबंध आणायचा. विषय, माझी आई. सगळ्यांनी दोन पानं." मग डोळे उघडले. "शालिनी, तू चार." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना किती कळलं होतं हे मला सांगता येत नव्हतं आणि मला रडू येत होतं.

घरी येताना आई पुढे आणि मी मागे, खाचरांच्या बांधावरून. रिकामा हंडा तिने माझ्या डोक्यावर दिला होता. लीलाची मंडळी वळणाआड गेल्यावर ती थांबली. मी गाल पुढे करून ठेवला. पण ती म्हणाली, "दमोच कित्याक गो? तापान भागला नसता?" मी सगळं सांगितलं, पहाटे पाचपासून आशीर्वादापर्यंत, गटारातल्या वहीसुद्धा. ती ऐकत होती. आशीर्वादापाशी तिच्या तोंडाचा कोपरा हलला, तो तिने पदराने झाकला. मग ती चालू लागली आणि मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या अंगावरचं पांघरूण गेलं. जानेवारीची थंडी, डोंगरावरून वारा. आई माझ्या डोक्याशी उभी होती. "उठ. पाच वाजले."

"कशाला?"

"शेगडी पेटव. भात, आमटी नि भाजी."

"आई गं, ते निबंधातलं होतं."

"लिवलंस मा? मगे आता ता खरा कर." आणि माझं पांघरूण स्वतःच्या अंगावर ओढून ती माझ्याच अंथरुणात आडवी झाली. वडील उठून विचारायला लागले तर म्हणाली, "माका दमो आसा. चेडवाक इचारा."

तिचा दमा पुढे महिनाभर टिकला. रोज पहाटे मी शेगडीपाशी आणि ती अंथरुणात. ती सांगणार काही नाही, सगळं अंदाजान. पण मी चुकले की खोकायची. एकदा खोकली की मीठ कमी, दोनदा खोकली की पाणी जास्त, आणि लागोपाठ खोकत सुटली की करपतंय. पहिले आठ दिवस चाळीतली माणसं खरंच तिची विचारपूस करायला आली. लीलाच्या आईने तर काढा आणून दिला आणि तो तिच्यासमोर आईला प्यावा लागला. महिन्याच्या अखेरीस एका पहाटे मी भात, आमटी, भाजी तिन्ही केलं आणि आतून एकदाही आवाज आला नाही. मी जाऊन पाहिलं, तर ती शांत झोपली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती भोंग्याला उठली, असं वडील म्हणाले.

'माझी आई' हा निबंध मी त्या पहिल्या सोमवारीच दिला होता. चार पानं काही भरली नाहीत, एकच भरलं. 'माझी आई कधीच आजारी पडत नाही. सध्या ती माझ्यामुळे आजारी आहे,' अशी सुरुवात होती आणि मग सगळं खरं लिहिलं होतं. तो निबंध गुरुजींनी वर्गात वाचला नाही. वही परत दिली तेव्हा दहापैकी दहा होते आणि खाली तांबड्या शाईत शेरा होता, 'आईच्या प्रकृतीस एवढ्यात आराम पडू देऊ नये.' शनिवारी शाळा सुटताना त्यांनी पुन्हा विचारलं, "शालिनी, आईचा दमा कसा आहे?" मी म्हटलं, "आज दोनदा खोकली, गुरुजी. पाणी जास्त झालं." तेव्हा ते डोळे उघडे ठेवून हसले.

आता गाळलेला भाग. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. दमा तिला शेवटपर्यंत झाला नाही, नुसती विझत गेली. शेवटचा महिना ती माझ्याकडे होती. बोलणं थांबलं होतं, कुणाला ओळखते की नाही ते कळत नव्हतं, डोळे बहुतेक मिटलेले. पेजेशिवाय काही जात नव्हतं, ती मी उकड्या तांदळाची करून चमच्याने भरवायचे. एके दिवशी दुपारी मी दुसरा चमचा तिच्या ओठांशी नेला, तर तिने तोंड मिटलं, छातीवरचा हात जरा हलवला, आणि एकदा खोकली. एकदाच. माझी सून घाबरून डॉक्टरांना फोन करायला धावली.

मी मीठ आणायला गेले.